ऑडिओबुक कसे निवडावे आणि कसे ऐकावे: कोकणातील एका श्रोत्याच्या सूचना

ऑडिओबुक घेताना बहुतेक जण आधी लेखकाचे नाव पाहतात, मग मुखपृष्ठ, मग किंमत. ते वाचले कोणी आहे, हे पाहिलेच तर सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. छापील पुस्तकाचा कागद हलका असला, टंक बारीक असला, तरी वाचणारा ते निभावून नेतो, कारण वाक्य कुठे तोडायचे आणि कुठे थांबायचे हे त्याच्या हातात असते. ऑडिओबुकात ते काम अभिवाचकाने आपल्या वतीने आधीच करून ठेवलेले असते, आणि ते बिघडले असेल तर श्रोत्याला दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे आवाज किती गोड आहे याचा विचार क्षणभर बाजूला ठेवून, वाचणाऱ्याला वाक्य कळले आहे की नाही हे आधी तपासावे. पुढील बहुतेक सूचना त्या तपासणीविषयीच आहेत.

कोकणातल्या माणसाला ही पारख नवी नाही. चातुर्मासात देवळात किंवा कोणाच्या ओटीवर श्रीधरस्वामींच्या पोथ्या लावण्याची चाल अजून कित्येक गावांत टिकून आहे. तिथे एक जण ओव्या म्हणतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि म्हणणाऱ्याचा आवाज फाटका असला तरी अर्थाच्या जागी तो बरोबर थांबला तर कोणी तक्रार करीत नाही. दशावतारात नटाला संवाद लिहून दिलेले नसतात, तो ते रंगमंचावरच रचतो. रात्रभर बसणाऱ्या प्रेक्षकाला कोणता नट आख्यान समजून बोलतो आणि कोणता नुसता घसा ताणतो, हे पहिल्या प्रवेशातच उमगते. हाच कान ऑडिओबुकाला लावायचा आहे. अडचण एवढीच, की स्टुडिओत मुद्रित झालेला गुळगुळीत आवाज मोबाइलवर आला की आपण उगीच भिडस्त होतो आणि देवळात ज्या वाचनाला नाक मुरडले असते, तेच वाचन पैसे देऊन मुकाट्याने ऐकतो.

नमुना कसा ऐकावा

स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये आणि ॲमेझॉनची ऑडिबल ही सेवा २०१८ मध्ये भारतात आली. अशा सेवांमध्ये पुस्तक घेण्यापूर्वी काही मिनिटांचा नमुना ऐकता येतो. तो नमुना सहसा सुरुवातीचा असतो आणि म्हणूनच फसवा असतो. पहिल्या पानावर प्रत्येक अभिवाचक ताजा असतो, सावध असतो, आणि नमुन्यातला बराचसा वेळ शीर्षक, अर्पणपत्रिका व प्रास्ताविक यांतच जातो. वर्गणी आधीच भरलेली असेल, किंवा चाचणीची मुदत चालू असेल, तर सरळ पुस्तकाच्या मध्यावर जावे आणि जिथे संवाद आहेत असे एखादे प्रकरण उघडावे. दहा मिनिटे पुरतात. त्या दहा मिनिटांत तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे लांब वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा त्याच्यासोबत शेवटीच येतो. “पाऊस ओसरल्यावर, होडी वर ओढून झाल्यावर, आणि जाळी वळचणीला टांगून झाल्यावरसुद्धा आप्पा घराकडे वळला नाही” हे वाक्य घ्या. ज्याने वाक्य आधी शेवटपर्यंत पाहिले आहे, तो प्रत्येक स्वल्पविरामाला आवाज थोडा वरच ठेवतो, श्वास पुरवून वापरतो आणि “नाही”वर येऊन टेकतो. ऐकणाऱ्यालाही अजून काही यायचे आहे, याची जाणीव राहते. ज्याने ते पाहिलेले नाही, तो प्रत्येक स्वल्पविरामाला आवाज खाली सोडतो. मग एका वाक्याचे तीन तुकडे होतात, आणि “नाही” हा शब्द शेवटी अनाथासारखा येऊन पडतो. असे दोन-तीनदा घडले तर ते पुस्तक बंद करावे. आवाज कितीही भारदस्त असला तरी पुढचे आठ तास हेच होणार आहे.

दुसरी गोष्ट संवादांची. छापील पानावर अवतरणचिन्ह दिसते, परिच्छेद बदललेला दिसतो. ऐकताना यातले काहीच नसते. त्यात मराठीत “असे तो म्हणाला” हे बहुधा बोलणे संपल्यावर येते, म्हणजे बोलले कोण आणि कोणत्या सुरात, हे श्रोत्याला उशिरा कळते. “आता या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही, असे सुमती शांतपणे म्हणाली,” हे वाक्य एखादा अभिवाचक पहिल्या शब्दापासून तारस्वरात म्हणतो आणि “शांतपणे” या शब्दावर येऊन स्वतःच अडखळतो. त्याने उतारा आधी वाचलेला नाही, हे सांगायला आणखी पुरावा लागत नाही. पात्रांचे आवाज वेगळे असावेत, पण ते गतीने आणि जोराने वेगळे व्हावेत, एवढेच पुरे. पुरुष अभिवाचकाने बाईच्या तोंडची वाक्ये चिरक्या आवाजात म्हणणे आणि बाई अभिवाचकाने म्हाताऱ्यांसाठी खोकत बोलणे, हे दोन्ही प्रकार मला सहन होत नाहीत. एका चांगल्या वाचणाऱ्याने संथपणे वाचलेली कादंबरी मला पाच-सहा नटांनी मिळून केलेल्या वाचनापेक्षा बहुतेक वेळा अधिक आवडते, कारण नटांच्या त्या वाचनात निवेदनाचा भाग पोरका होतो.

तिसरी गोष्ट उच्चारांची. मराठीतील च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दाखवले जात नाहीत. “तो जात आहे” यातला “जात” आणि माणसाची “जात” यांतला फरक अभिवाचकाला संदर्भावरूनच कळायला हवा. “केलं”, “गेलं” यांवरचा अनुस्वार नाकात वाजवायचा नसतो, शेवटचा स्वर किंचित लांबवायचा असतो. हिंदीच्या सवयीने वाचणारे तिथे हमखास घसरतात. सनावळ्याही ऐकाव्यात. १८४२ हे साल “अठराशे बेचाळीस” असे वाचले जाते. “एक हजार आठशे बेचाळीस” असे कोणी वाचले तर तो कोणत्या तरी पावतीवरची रक्कम वाचतो आहे असे वाटते. कोकणच्या पार्श्वभूमीवरील पुस्तक असेल तर गावांची नावे हीच कसोटी ठेवावी. हर्णैचे “हरनाई” करणारा किंवा वेंगुर्ल्यातला रफार गिळणारा अभिवाचक वाईटच असतो असे नाही, परंतु त्याने ध्वनिमुद्रणाआधी कोणाला एक फोनही केला नाही, एवढे मात्र निश्चित कळते.

मालवणी आणि इतर बोलींविषयी

या मुद्द्यावर थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण कोकणातील श्रोत्याचा सर्वांत जास्त विरस इथेच होतो. रायगडातील आगरी, रत्नागिरीकडील संगमेश्वरी, कोकणी मुसलमानांची बोली, चित्पावनी आणि सिंधुदुर्गातील मालवणी यांची लय, हेल आणि शब्द वेगवेगळे आहेत; परंतु ध्वनिमुद्रणात बहुधा या सगळ्यांसाठी एकच सरसकट “कोकणी हेल” वापरला जातो, आणि तोही विनोदी नाटकांतून उचललेला असतो. परिणाम असा होतो, की आवशीच्या (आईच्या) निधनाची बातमी सांगणारा झीलसुद्धा (मुलगासुद्धा) प्रेक्षकांच्या हशासाठी थांबल्यासारखा बोलतो.

मालवणीत विनोद आहेच, पण तिच्यात शोक, कर्ज, भांडण, भावकीतले वाद आणि देवाला घातलेले गाऱ्हाणेही आहे. अभिवाचकाला बोली येते की नाही हे तपासण्यासाठी म्हणून विनोदी उतारा कधी निवडू नये. “माका काय माहीत नाय” हे वाक्य हशा न पिकवता, खरोखर काही माहीत नसलेल्या माणसासारखे त्याला म्हणता येते का, ते ऐकावे. “खंय”मधला (“कुठे”मधला) नाकातला स्वर, “गो” आणि “रे” यांची जागा, वाक्याच्या शेवटी येणारी उतरंड, हे सगळे जमत नसेल तर अभिवाचकाने शब्द लिहिलेत तसे, आपल्या नेहमीच्या मराठी उच्चारांत, साधेपणाने वाचावेत. न येणाऱ्या बोलीची नक्कल करण्यापेक्षा ते कधीही बरे. मी स्वतः अशा साध्या वाचनाला कमी गुण देत नाही. ज्यांच्या घरात ही बोली नाही अशा श्रोत्यांनी उताऱ्याची एक-दोन मिनिटे सावंतवाडी-कुडाळकडच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला ऐकवावीत; तो काही बोलण्यापूर्वीच त्याच्या चेहऱ्यावरून निकाल कळतो.

संगीत, लांबी आणि यंत्राचा आवाज

पार्श्वसंगीत प्रकरणाच्या आरंभी व शेवटी असावे आणि मजकूर सुरू झाला की थांबावे. वाक्यांखाली सतत वाजणारी बासरी किंवा सतार पहिली पाच मिनिटे बरी वाटते, नंतर ती शब्दांच्या आड येते, आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी तर तिच्यामुळे सगळे पुस्तकच निरुपयोगी ठरते. कोकणावरच्या पुस्तकांना समुद्राचा आवाज जोडण्याची हौस निर्मात्यांना फार असते. ज्यांच्या माजघरात रात्री गाज येते, त्यांना तो आवाज खोटा वाटतो. ज्यांच्याकडे येत नाही, त्यांनाही लेखकाने ती शब्दांत लिहिलेली असताना पुन्हा ऐकवण्याचे कारण नाही.

पुस्तक संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे घेण्यापूर्वी पाहावे, कारण ही माहिती वर्णनात कित्येकदा खाली दडलेली असते. ढोबळ हिशेब असा ठेवावा: पानावर अडीचशेच्या आसपास शब्द आणि मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्दांचा वेग धरला, तर एका पानाला दोन मिनिटे लागतात. म्हणजे दोनशे पानांच्या पुस्तकाचे ध्वनिमुद्रण साडेसहा तासांच्या जवळपास जायला हवे. ते तीन तासांतच संपत असेल तर बरेच काही गाळले गेले आहे. शंका असेल तर छापील प्रत जवळच्या वाचनालयातून आणून एखादे प्रकरण ताडून पाहावे. कोकणात याची सोय जुनी आहे, रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ पासूनचे आहे.

आता यंत्राने तयार केलेल्या आवाजात वाचलेली पुस्तकेही मिळू लागली आहेत. वर्णनात अभिवाचकाचे नाव नसेल तर आधी हीच शक्यता धरावी. हा आवाज दमत नाही, खोकत नाही, आणि वर्तमानपत्रातील लेख किंवा शासकीय माहितीपत्रक ऐकण्यासाठी तो चालतो. पण वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्या त्याला लावल्या की त्याच्या मर्यादा उघड होतात: संदर्भ ओळखून उच्चार बदलणे त्याला नेहमी जमत नाही, “इ. स.” किंवा “चि. सौ. कां.” अशा संक्षेपांवर तो गडबडतो, आणि वाक्यातील कोणत्या शब्दावर भर द्यायचा हे तर कथेच्या मागच्या पानांवर अवलंबून असते. कथा-कादंबरीसाठी मी तो आवाज घेत नाही.

फुकटचे वाचन कुठे मिळते

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी त्याच्या साहित्यावरील स्वामित्वहक्क संपतो. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्ये गेले आणि दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये. या दोघांचे लेखन त्यामुळे कोणालाही वाचून ध्वनिमुद्रित करता येते. साहजिकच अशा जुन्या मजकुराची एकापेक्षा जास्त वाचने इंटरनेटवर सापडतात, आणि कान तयार करण्यासाठी यासारखी संधी नाही. एकच प्रकरण दोन वेगळ्या लोकांकडून लागोपाठ ऐकावे. कोण कुठे थांबतो, कोण रडवेला होतो आणि कोण मजकुरावर विश्वास ठेवून शांत राहतो, हे लगेच वेगळे दिसू लागते. २००५ मध्ये सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स या स्वयंसेवी उपक्रमातील ध्वनिमुद्रणे अशाच हक्कमुक्त पुस्तकांची असतात. स्वयंसेवकाच्या मुद्रणात पंख्याची घरघर किंवा दूरचा कोंबडा ऐकू आला तर ते चालवून घ्यावे. पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकात मात्र चालवून घेऊ नये: ऑडिबलच्या एसीएक्स या निर्मिती-व्यासपीठाची अट अशी आहे, की शांततेच्या जागी पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खालीच असावा, आणि ही अट पाळलेले मुद्रण इअरफोनवर ऐकताना दोन वाक्यांमधली जागा खरोखर रिकामी वाटते.

ऐकण्याची व्यवस्था

कोकणात ऑडिओबुक ऐकणाऱ्याने एक नियम पाळावा: पुस्तक आधी उतरवून घ्यावे, चालू नेटवर्कवर विसंबू नये. घाटात, खाडीपलीकडच्या वाड्यांत आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर नेटवर्कचा भरवसा नसतो. ६४ केबीपीएस दर्जाच्या मुद्रणाला तासाला सुमारे २९ एमबी जागा लागते, म्हणजे दहा तासांचे पुस्तक ३०० एमबीच्या आत बसते. तेवढी जागा साध्या मोबाइलवरही निघते. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, आणि उक्षी व भोके या स्थानकांमधला करबुडेचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. बोगद्यात डब्यातला खडखडाट वाढतो आणि आपला हात आपसूक आवाज वाढवायला जातो. तसे न करता पुस्तक थांबवावे आणि बाहेर आल्यावर तीस सेकंद मागे जाऊन पुन्हा सुरू करावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. आवाज त्याहून वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. मंगलोरी कौलांवर किंवा पत्र्यावर आषाढातला पाऊस कोसळत असताना स्पीकरवर ऐकण्याचा हट्ट धरण्यातही अर्थ नाही. कानात नीट बसणारे इअरफोन लावावेत, किंवा सरळ छापील पुस्तक उघडावे.

हात गुंतलेले आणि कान मोकळे, अशी कामे इथे वर्षभर असतात. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याची प्रतवारी करून पेट्या भरणे, रातांबे फोडणे, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जाळ्यांची डागडुजी करणे, या कामांत कथा, आत्मचरित्र आणि प्रवासवर्णन उत्तम ऐकता येते. आत्मचरित्र लेखकानेच वाचलेले असेल तर त्याचे वाचन ओबडधोबड असले तरी मी तेच निवडतो. कादंबरीच्या बाबतीत मात्र लेखकापेक्षा तयार अभिवाचक बरा. आकडे, तक्ते आणि तळटीपा असलेले पुस्तक कामाच्या वेळी ऐकू नये, आणि खरे तर ते ऐकूच नये. गाडी चालवताना काशेडी किंवा परशुराम घाट लागला की पुस्तक बंद ठेवावे, हे सांगण्याची गरज पडू नये. भरपूर पात्रांच्या कादंबरीसाठी पहिल्या दोन प्रकरणांत नावे आणि नाती कागदावर टिपून ठेवावीत, कारण मागचे पान चाळण्याची सोय इथे नाही.

वेगाबद्दल लोक उगाच घाई करतात. मराठी अभिवाचक अनेकदा गरजेपेक्षा संथ वाचतात, त्यामुळे १.१ किंवा १.२५ पट वेग पुष्कळांना सोसतो. दीडपटीच्या वर गेल्यावर मात्र थांब्याच्या जागा इतक्या आखूड होतात, की वर ज्या समजेची परीक्षा केली तीच ऐकू येईनाशी होते. कविता मूळ वेगानेच ऐकावी.

घरातील वृद्धांसाठी पुस्तक निवडताना वेगळा विचार लागतो. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि आवाज ऐकू येऊनही शब्द कळत नाही. अशा वेळी आवाज मोठा करण्याआधी वेग ०.९ पट करून पाहावा, खालच्या पट्टीत वाचणारा अभिवाचक निवडावा आणि संगीत असलेली पुस्तके टाळावीत. आजी-आजोबांना निजताना ऐकायची सवय असेल तर ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय लावून द्यावी. नाहीतर सकाळी पुस्तक शेवटच्या प्रकरणावर असते आणि कथा कुठे सुटली हे कोणालाच सांगता येत नाही. ज्यांना दिसत नाही किंवा छापील मजकूर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. २०१२ मधील स्वामित्वहक्क कायद्याच्या दुरुस्तीमुळे अशा वाचकांसाठी पुस्तकाची श्राव्य प्रत तयार करण्यास लेखकाची वेगळी परवानगी लागत नाही. गावातील एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीला हवे असलेले पुस्तक कुठेच मिळत नसेल, तर शाळेतल्या शिक्षकांनी किंवा वाचनालयाने ते तिच्यासाठी ध्वनिमुद्रित करण्याचा विचार जरूर करावा.

अभिप्राय कसा द्यावा

“आवाज आवडला नाही” असे लिहून एक तारा दिल्याने काहीही सुधारत नाही. अभिवाचकाचे नाव, प्रकरण, मिनिट आणि सेकंद, चुकलेला शब्द आणि त्याचा योग्य उच्चार, एवढे पाच तपशील एका वाक्यात लिहावेत. ध्वनिमुद्रणातला एक शब्द पुन्हा वाचून बसवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसते, पण तो कुठे आहे हे निर्मात्याला कळायला हवे. वाचन उत्तम असेल तर तेही अशाच तपशिलाने कळवावे आणि लेखकाच्या आधी अभिवाचकाचे नाव घ्यावे, म्हणजे पुढचे पुस्तक त्याच अभिवाचकाला देण्यासाठी प्रकाशकाच्या हाती काही कारण राहील.